मत्स्यपारध, बर्फावरील : काठी व रीळ

हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराच्या वा नदीच्या पृष्ठावरील बर्फास छिद्र पाडून त्यातून गळाने मासे पकडणे, यास बर्फावरील मत्स्यपारध म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन यांसारखी उत्तरेकडील राज्ये, तसेच कॅनडा, फिनलंड, स्वीडन, रशिया, जपान व दक्षिण कोरिया या देशांत ती रूढ आहे. पूर्वी ती प्रामुख्याने उदरनिर्वाहासाठी केली जाई; आता तिचे स्वरूप बव्हंशी छंदाचे व क्रीडेचे आहे. या पारधीत वापरावयाची काठी व रीळ ही उघड्या पाण्यावरील साधनांहून आखूड व हलकी असतात. मात्र ती नेहमीच्या साधनांची केवळ लहान आवृत्ती नव्हे. बर्फावरील परिस्थितीमुळे काठी व रीळ यांच्यातील कामाची वाटणीच बदलते आणि निवडीचे निकषही त्यानुसार बदलतात.

पूर्वपीठिका : ध्रुवप्रदेशातील इन्युइट, स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागातील सामी आणि उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे यांसारखे लोक फार पूर्वीपासून बर्फाखालचे मासे पकडत आले आहेत. लाकूड, हाड किंवा शिंग यांच्या वीतभर दांडीला गुंडाळलेला दोर, त्याच्या टोकाला गळ आणि छिद्रापाशी ती दांडी वरखाली हलविणारा हात, एवढीच मूळची सामग्री होती. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ मध्ये रोम येथे प्रसिद्ध केलेल्या, उत्तरेकडील लोकांविषयीच्या लॅटिन ग्रंथात बर्फाखालून जाळी ओढून मासे पकडण्याचे वर्णन आढळते. आधुनिक साधनांना दोन शोधांमुळे गती मिळाली. इंग्लंडमधील वस्त्रव्यवसायातील ॲल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व घेतले आणि अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या संशोधनातून १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले. तरीही बर्फावरील काठ्या दीर्घकाळ घरगुतीच राहिल्या. उन्हाळी काठीचा मोडलेला शेंडा लाकडी मुठीत बसवून काम भागविले जाई. केवळ बर्फावरील वापरासाठी घडविलेल्या काठ्या व रिळे यांचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९८० नंतर झाला.

बर्फाखालील परिस्थिती : पाण्याची घनता सु. ४° से. तापमानास सर्वाधिक असते. त्यामुळे गोठलेल्या सरोवरात बर्फालगतचे पाणी ०° से. च्या जवळपास, तर तळाचे पाणी त्याहून किंचित उबदार असते. मासे शीतरक्त प्राणी असल्याने या थंडीत त्यांचा चयापचय मंदावतो, हालचाली कमी होतात व आहार घटतो. उन्हाळ्यात आमिषावर झडप घालणारा मासा हिवाळ्यात ते नुसते तोंडात ओढून घेतो व पुष्कळदा तेथेच थांबतो. गळ धरल्याची जाणीव दोरातून हिसक्याने होत नाही. शेंडा किंचित झुकतो, किंवा आमिषाचा भार मासा उचलतो तेव्हा उलट किंचित वर येतो. ही सूक्ष्म हालचाल कळावी म्हणून दोर बारीक व आमिष लहान ठेवावे लागते. दोर बारीक झाला की तो तुटण्याचा धोका वाढतो. साधनांच्या निवडीतील मूळ पेच हाच आहे.

हा पेच अंतरामुळे अधिक तीव्र होतो. उघड्या पाण्यावर गळ ३० मी. दूर फेकला असता तेवढा दोर माशाच्या ओढीखाली ताणला जातो. दोर दहा टक्के ताणला गेला असे धरल्यास ३ मी. ची सवलत मिळते. बर्फाखाली ५ मी. खोलीवर तोच दोर केवळ अर्धा मी. ताणला जाईल. नेहमीची सु. २ मी. लांबीची काठी कमानीसारखी वाकून माशाचे हिसके सोसते. बर्फावरील पाऊण मी. काठीला ते पूर्णपणे साधत नाही. दोर व काठी या दोहोंची लवचिकता अशी घटल्यावर हिसका सोसण्याचे काम मुख्यतः रिळावर येऊन पडते. थोडक्यात, बर्फावर काठीचे मुख्य काम माशाचा स्पर्श जाणवून देणे हे, तर रिळाचे मुख्य काम योग्य वेळी ढील देणे हे होय.

काठी : लांबी. बर्फावर गळ दूर फेकावयाचा नसतो. तो थेट खाली सोडावयाचा असतो. मत्स्यपारधी छिद्रालगत बसतो आणि मासा छिद्राशी आल्यावर त्याला हाताने वर काढतो. लांब काठी असल्यास त्याला छिद्रापासून दूर सरकावे लागते. म्हणून बहुतेक काठ्या ४५ ते १०५ सेंमी. लांबीच्या असतात. तंबूत वा लाकडी खोपटात बसणाऱ्यास ६० ते ७० सेंमी. काठी सोयीची पडते, कारण गळ रुतविण्यासाठी काठी वर उचलताना ती छताला लागत नाही. उघड्यावर उभे राहून किंवा एका छिद्राकडून दुसऱ्याकडे फिरत पारध करणारास ७५ ते ९० सेंमी. काठी बरी. अधिक लांबीमुळे दोर एका उचलीत जास्त सरकतो आणि मोठ्या माशाचे हिसकेही थोडे अधिक सोसले जातात.

ताठरपणा व वाक. ताठरपणा म्हणजे काठी वाकविण्यास लागणारे बल. वाक म्हणजे ती कोणत्या भागात वाकते ते. या दोन गुणांची गल्लत केल्याने पुष्कळदा चुकीची काठी घेतली जाते. शेंड्याजवळ वाकणारी व खाली ताठ असणारी काठी गळ चटकन रुतविते आणि जिग (धातूचा लहान भार जडविलेला गळ) नेमकेपणाने हलविते. मुठीपर्यंत कमानीसारखी वाकणारी काठी माशाला अधिक सवलत देते. ट्राउटसारख्या, गळाशी आल्यावर जोराने उलटणाऱ्या माशांसाठी ती उपयुक्त असते. अगदी हलक्या जिगचा भार ताठ शेंड्याला जाणवतच नाही. तेव्हा शेंड्याला पातळ पोलादी पट्टीची वा तारेची जोड देतात. ही पट्टी जिगच्या भाराने किंचित झुकलेली असते आणि स्पर्श होताच झुकते वा सरळ होते. रशियात अशा शेंड्यास ‘किवोक’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच मान हलविणे असा आहे.

द्रव्य. पूर्वीच्या बांबूच्या व लाकडी दांड्यांची जागा काचतंतू व कार्बनतंतू यांनी घेतली आहे. भरीव काचतंतूची काठी चिवट असते. थंडीत ती ठेचाळली तरी सहसा मोडत नाही. मात्र ती कंपने मंदपणे वाहून नेते. कार्बनतंतूची काठी हलकी व संवेदनशील असते, परंतु कडेवर आपटल्यास तिला चीर पडते व नंतर ती अचानक मोडते. दोहोंच्या मिश्रणाच्या काठ्याही मिळतात. मोठ्या माशांसाठी आणि लहान मुलांच्या हाती देण्यासाठी काचतंतू, तर हलक्या स्पर्शाच्या माशांसाठी कार्बनतंतू, असा ढोबळ संकेत आहे.

कड्या व मूठ. ओला दोर कड्यांतून वर येताना पाण्याचे थेंब कड्यांत गोठतात. लहान कड्या काही मिनिटांतच बुजतात आणि दोर अडकतो. म्हणून शून्याखालील तापमानात उघड्यावर वापरावयाच्या काठीला, विशेषतः शेंड्यापाशी, थोड्या मोठ्या कड्या असाव्यात. साठलेला बर्फ बोटांच्या उबेने वितळवून काढावा. काठी आपटून झाडू नये. मूठ बुचाची किंवा फेसाळ रबराची असावी, कारण धातू हातातील ऊब झपाट्याने शोषून घेतो. काही मुठींना रीळ बसविण्याची धातूची बैठक मुळीच नसते; सरकत्या कड्यांनी वा चिकटपट्टीने रीळ हवे तेथे बांधता येते. त्यामुळे काठी व रीळ यांचा तोल बोटावर अचूक साधता येतो. तोल साधलेली काठी तासन्‌तास स्थिर धरता येते आणि हात स्थिर असेल तरच सूक्ष्म स्पर्श कळतो.

रीळ : बर्फावर मुख्यतः तीन प्रकारची रिळे वापरतात. (१) स्थिर फिरकीचे रीळ : यात फिरकी जागेवर राहते व तिच्याभोवती फिरणारे कडे दोर गुंडाळते. ते सुटसुटीत व सर्वांत प्रचलित असून त्याची ढील यंत्रणा बारकाईने जुळविता येते. लहान माशांसाठी निर्मात्यांच्या मापांतील ५०० ते १००० क्रमांकाचे, तर मोठ्यांसाठी २००० क्रमांकाचे रीळ पुरते. या प्रकाराचा दोष म्हणजे दोराला पडणारा पीळ. कडे फिरकीभोवती फिरत असल्याने दोर पिळला जातो. दूर फेकलेल्या जड गळाच्या बाबतीत हे फारसे जाणवत नाही. पण पाण्यात सरळ टांगलेला हलका जिग त्या पिळामुळे स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. मंदावलेला मासा अशा फिरणाऱ्या आमिषाजवळ येतो व बहुधा परत जातो. रीळ आत गुंडाळत असतानाच ढील सुटत राहिल्यास पीळ अधिकच वाढतो. म्हणून मासा ओढत असताना रीळ फिरवू नये.

(२) सरळ दोराचे रीळ : यात पतंगाच्या फिरकीप्रमाणे फिरकी स्वतः फिरते व दोर सरळ सुटतो वा गुंडाळला जातो. दोराला पीळ पडत नाही आणि जिग स्थिर राहतो. उथळ पाण्यातील, आमिषाची पारख करणाऱ्या माशांसाठी हे रीळ विशेष उपयोगी ठरते. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे फेरे थोडेच होत असल्याने दोर हळू वर येतो. खोल पाण्यात ते कंटाळवाणे व कधी गैरसोयीचेही होते. काही स्वस्त रिळांची ढील यंत्रणा अगदी प्राथमिक असते. ती घेताना अंगठ्याने फिरकी आवरण्याची सवय करावी लागते.

(३) आडव्या आसाचे गुणक रीळ : यातही फिरकीच फिरते, पण दात्यांच्या साहाय्याने ती जलद फिरविली जाते. ते जड असते, तथापि जाड दोर भरपूर सामावते व बटण दाबून जिग इष्ट खोलीवर थांबविता येतो. सरोवर ट्राउट व पाईक या बलवान माशांसाठी ते पसंत करतात.

यांखेरीज उत्तर अमेरिकेत ‘टिप-अप’ हे साधन सर्रास वापरतात. छिद्रावर आडवी ठेवलेली चौकट, पाण्यात बुडालेली फिरकी आणि मासा ओढू लागताच उभारणारे निशाण, अशी त्याची रचना असते. फिरकी पाण्यात असल्याने ती गोठत नाही. यात काठी नसते. दोर हातानेच ओढावा लागतो. मिनेसोटात हिवाळ्यात एका व्यक्तीस दोन गळ टाकण्याची मुभा असल्याने अनेक जण एका छिद्रावर काठी धरतात व दुसऱ्यावर टिप-अप मांडतात.

दोर : काठी व रीळ यांची निवड दोरावाचून पूर्ण होत नाही. नायलॉनचा एकतंतू दोर (कोकणात ‘तंगूस’) स्वस्त व ताणला जाणारा असतो, परंतु थंडीत ताठ होतो आणि फिरकीवरील वेटोळी त्यात कायम राहतात. वेटोळ्यांचा दोर स्पर्श वाहून नेत नाही. मोठ्या व्यासाची फिरकी घेतल्यास हा दोष कमी होतो. फ्ल्युओरोकार्बनाच्या दोराचा प्रणमनांक सु. १·४२, म्हणजे पाण्याच्या १·३३ या प्रणमनांकास नायलॉनपेक्षा जवळचा असतो. त्यामुळे तो पाण्यात कमी दिसतो, शिवाय तो पाणी फारसे शोषत नाही. विणलेला दोर जवळजवळ ताणला जात नाही व खोल पाण्यात स्पर्श उत्तम कळवितो. मात्र त्याच्या धाग्यांत पाणी राहून ते उघड्यावर गोठते. म्हणून तो बहुधा तंबूत किंवा २० मी. हून अधिक खोलीवर वापरतात व त्याच्या टोकाला फ्ल्युओरोकार्बनाचा तुकडा जोडतात. [⟶ तंतु, कृत्रिम].

ढील यंत्रणा : रिळातील चकत्यांच्या घर्षणामुळे दोर ठराविक ओढीपर्यंत रोखला जातो व त्यापुढे सुटतो. या यंत्रणेचा खरा गुण तिच्या कमाल बळात नसून पहिल्या क्षणी न अडखळता सुटण्यात आहे. सुरुवातीस अडखळणारी यंत्रणा बारीक दोर तोडते. आणि दोर तोडून गेलेल्या माशाच्या तोंडात गळ तसाच राहतो. सामान्यतः ढील दोराच्या तुटण्याच्या भाराच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश ओढीला सुटेल अशी जुळवितात. म्हणजे २ किग्रॅ. पेलणाऱ्या दोरासाठी ती सु. अर्धा किग्रॅ. ओढीला सुटावी. ही जुळणी दुकानात वा घरात केलेली असली, तरी बर्फावर पोहोचल्यावर रीळ पुरते गार झाल्यानंतर पुन्हा तपासणे आवश्यक असते. थंडीत रिळातील दाट वंगण घट्ट होते. ढील अडखळते आणि मूठ उलट फिरू न देणारी यंत्रणा कधीकधी धरतच नाही. यास्तव हिवाळ्यापूर्वी मूळचे दाट वंगण पुसून त्याजागी थंडीतही पातळ राहणारे तेल बेताने लावतात. उबदार तंबूतील रीळ एकदम बाहेर नेल्यास त्यावर जमलेले बाष्प गोठते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

माशांनुसार निवड : ब्ल्यूगिल (लेपोमिस मॅक्रोकायरस) व पिवळा पर्च (पर्का फ्लॅव्हेसेन्स) या लहान माशांसाठी ६० ते ७० सेंमी. ची अतिशय हलकी काठी, संवेदनशील शेंडा, १ ते २ किग्रॅ. पेलणारा दोर आणि सरळ दोराचे वा लहान स्थिर फिरकीचे रीळ योग्य होय. बारीक दोरावर जिग सरळ ताणून ठेवण्यासाठी येथे टंगस्टनाचे जिग पसंत करतात. टंगस्टन शिशाच्या पावणेदोनपट घन असल्याने लहान आकारातही तो पुरेसा भार देतो. वॉलाय (सँडर व्हिट्रियस) या चविष्ट माशासाठी ७० ते ८० सेंमी. ची मध्यम काठी, टोकाशी वाकणारा पण खाली ताठ असा बांधा, २·५ ते ३·५ किग्रॅ. पेलणारा दोर व १००० ते २००० क्रमांकाचे स्थिर फिरकीचे रीळ वापरतात. सरोवर ट्राउट (साल्व्हेलिनस नामायकुश) व पाईक (एसॉक्स ल्युसियस) यांसाठी ९० सेंमी. हून लांब, ताकदवान काठी, ४·५ ते ७ किग्रॅ. पेलणारा दोर आणि गुणक वा मोठे स्थिर फिरकीचे रीळ लागते. पाईकचे दात तीक्ष्ण असल्याने दोराच्या टोकास तारेचा तुकडा जोडतात. छिद्राचा व्यासही यानुसार ठरतो. लहान माशांना १५ सेंमी. पुरतो, मोठ्यांसाठी २५ सेंमी. छिद्र पाडावे लागते, कारण छिद्राच्या धारदार कडेवर घासून दोर तुटण्याचा क्षण मासा वर घेतानाचाच असतो.

प्रादेशिक वैशिष्ट्ये : फिनलंड व रशिया येथील काठ्या उत्तर अमेरिकेतील काठ्यांहून आखूड असतात. त्यांची फिरकी बहुधा मुठीतच बसविलेली असते आणि ती केवळ दोर साठविण्याचे काम करते. मासा लागल्यावर काठी बाजूला ठेवून दोर दोन्ही हातांनी ओढतात. येथे ढील यंत्रणेचे काम बोटेच करतात. रशियातील अशा एका काठीस तिच्या आकारावरून ‘बालालाइका’ या तंतुवाद्याचे नाव मिळाले आहे. फिनलंडमध्ये ‘पिल्की’ या नावाने ओळखली जाणारी ही पारध सर्वसाधारणपणे परवानाशुल्काविना करता येते. जपानमध्ये होक्काइडो व होन्शूच्या पर्वतीय सरोवरांवर ‘वाकासागी’ (हायपोमेसस निप्पॉनेन्सिस) हा बोटाएवढा मासा पकडतात. त्यासाठी तळहातात मावणारे विजेरीवर चालणारे रीळ व पट्टीसारखा पातळ शेंडा वापरतात. एका दोरावर अनेक लहान गळ असल्याने दोर पुनःपुन्हा त्वरेने वर घ्यावा लागतो. हे काम वीज करते आणि स्पर्श ओळखण्याचे काम शेंडा करतो. दक्षिण कोरियातील ह्वाचॉन येथे २००३ पासून भरणाऱ्या हिमोत्सवात हजारो लोक पर्वतीय ट्राउट पकडण्यासाठी अगदी साध्या आखूड काठ्या वापरतात. परंपरा भिन्न असल्या, तरी स्पर्श ओळखणे व दोर सांभाळणे या दोन गरजा सर्वत्र समान आहेत.

निवडीची रीत : नवशिक्याने प्रथम काठी न पाहता मासा, पाण्याची खोली व आसरा (तंबू वा उघडे) या तीन गोष्टी निश्चित कराव्यात. त्यावरून जिगचा भार, भारावरून दोर, दोरावरून रीळ व शेवटी काठी, असा क्रम हितावह ठरतो. काठी तपासताना वापरावयाचा जिग शेंड्यास टांगून पाहावा. शेंडा त्या भाराने किंचित झुकला, तर जोड जुळली. मुळीच न झुकल्यास काठी त्या जिगसाठी ताठ आणि फार झुकल्यास मऊ समजावी. खर्च मर्यादित असल्यास तो कड्यांच्या वा मुठीच्या सजावटीपेक्षा रिळाच्या ढील यंत्रणेवर करावा. सर्व माशांसाठी एकच काठी घेण्यापेक्षा एक हलकी व एक मध्यम अशा दोन साध्या काठ्या अधिक उपयोगी पडतात.

खबरदारी : साधने कितीही उत्तम असली, तरी पारधीचा पहिला आधार बर्फ हाच असतो. एका व्यक्तीस पायी चालण्यासाठी किमान १० सेंमी. जाडीचा, नवा व पारदर्शक बर्फ आवश्यक मानतात. हिम मिसळलेला पांढरा बर्फ सुमारे निम्माच बळकट असल्याने त्याची जाडी दुप्पट हवी. प्रवाहाजवळ व झऱ्यांपाशी जाडी अचानक घटते. म्हणून वाटेत वारंवार छिद्र पाडून ती मोजतात आणि बर्फात पडल्यास कडेला रुतवून वर येण्यासाठी टोकदार खुंट्या गळ्यात बाळगतात. पकडलेला मासा परत सोडावयाचा असल्यास तो लवकर वर घेता येईल एवढा दोर व रीळ समर्थ असावे, कारण दीर्घकाळ झुंजून थकलेल्या माशाची जगण्याची शक्यता घटते. वर आल्यावर त्याला कोरड्या बर्फावर ठेवू नये. तीव्र थंडीत त्याचे डोळे व कल्ले क्षणांत गोठू लागतात. सु. १० मी. हून अधिक खोलीवरून वर आणलेल्या पर्च व वॉलाय यांच्या वाताशयाला, दाब एकदम घटल्याने, इजा होऊ शकते व सोडले तरी ते पुष्कळदा वाचत नाहीत. तेवढ्या खोलीवर खाण्यापुरते मासे मिळताच गळ आवरता घेणे हेच उचित समजले जाते.